सत्तावन्न वासरं

१

मोजणीसाहेब मेले होते आणि त्यांना कोणी मारलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मारणारा तिथंच, वाडग्याच्या कोपऱ्यात उभा राहून शांतपणे रवंथ करत होता.

सोमवारी सकाळी सात वाजता डॉक्टरीणबाईंना निरोप गेला, तो या वळूला सुई टोचून संपवण्यासाठी. गुरांची सरकारी डॉक्टर म्हणून त्यांना चौतीस वर्षं झाली होती. निवृत्तीला सात महिने उरले होते, उजवा गुडघा मात्र केव्हाच निवृत्त झाला होता. एका खोऱ्याची नेमणूक आणि तीन खोऱ्यांचं काम, कारण दोन जागा सरकारनं भरल्याच नव्हत्या. पिशवी सावरत, लंगडत त्या वाडग्याशी आल्या तेव्हा फौजदार कुंपणाला टेकून वहीत लिहीत होते.

फौजदारांनी थोडक्यात सांगितलं. आज या गोठ्याची मोजणी होती. साहेब सहालाच आले असणार, जीप फाटकाशी उभी आहे. गाईंच्या कानांतले बिल्ले वाचायला आत शिरले असणार आणि वळूनं त्यांना लोळवलं असणार. साडेसहाला गोठ्याच्या मालकिणीनं पाहिलं.

"तीन वेळा 'असणार' म्हणालात," बाई म्हणाल्या.

फौजदार हसले नाहीत. मोजणी म्हणजे काय हे त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही समजावून सांगावं लागत नसे. दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. जो आपली जनावरं न विकता खोऱ्यातच सांभाळेल त्याला दर मोठ्या जनावरामागे सरकार अनुदान देई. वासरं धरत नसत. मोजणीसाहेब ठरल्या दिवशी गोठ्यावर येऊन एकेक बिल्ला वाचत, आणि त्यांनी आकडा लिहिला की तीन आठवड्यांत पैसे जमा होत. माणूस नाकासमोर चालणारा. अकरा वर्षांत कुणाच्या घरी पाणीसुद्धा प्यायला नव्हता.

बाई वळूकडे गेल्या. शिंगं लहानपणीच जाळलेली. खुरांना वाळकं शेण, रक्ताचा ठिपका नाही. त्यांनी कपाळावर हात ठेवताच त्यानं खरखरीत जिभेनं त्यांची बाही चाटली. बाईंनी सुई भरलीच नाही. मग त्या साहेबांपाशी आल्या आणि चेहऱ्यावर चादर नीट ओढावी म्हणून त्यांचा हात बाजूला करू लागल्या. हात हलेना. कोपरातून वाकेना, खांद्यातून सुटेना. जणू सागाची फळी.

त्या गुडघा धरत उठल्या.

"फौजदारसाहेब, तासाभरापूर्वी मेलेलं अंग पिठाच्या गोळ्यासारखं मऊ असतं. हे इतकं ताठायला रात्र जावी लागते. साहेब आज सकाळी इथं आले नाहीत. त्यांना कुणीतरी आणून टाकलंय."

२

तुम्ही गुरांच्या डॉक्टर आहात, फौजदारांनी आठवण करून दिली. मेल्यावर माणूस आणि बैल सारखेच ताठतात, असं बाईंचं म्हणणं पडलं. शेवटी मृतदेह शहरातल्या दवाखान्यात गेला आणि वळूला दोन दिवसांचं आयुष्य मिळालं. तोवर तुम्हाला हवं ते बघा, फौजदार म्हणाले, म्हणजे मग तुमचंही समाधान होईल.

मृतदेह उचलताना बाईंनी दोन गोष्टी पाहून ठेवल्या होत्या. डोक्याच्या मागं एकच घाव होता, लांबट आणि सरळ. बरगड्या धड होत्या, आणि तुडवलेल्या माणसाच्या बरगड्या कधी धड राहत नाहीत. दुसरं म्हणजे स्वेटरच्या विणीत पिवळट भुसा अडकला होता. लाकडाचा. या वाडग्यात नुसती धूळ आणि शेण, भुशाचा कण नाही.

जीपमध्ये पुढच्या काचेपाशी चष्म्याचं घर होतं आणि घरात चष्मा होता.

आणि गाई ओरडत होत्या. सगळ्याच्या सगळ्या कुंपणाशी माना उंचावून, एकाच दिशेला तोंड करून हंबरत होत्या. कासा तटतटून फुगलेल्या. एकीच्या सडाला नुसता हात लागताच दुधाची धार सुटली. बाईंनी तीन-चार गाईंचे कान चाचपले. प्रत्येक कानात बिल्ला होता, आणि बिल्ल्याशेजारी आणखी दोन-तीन रिकामी भोकं होती, काही बुजलेली, काही कच्ची.

गोठ्याची मालकीण घराच्या पायरीवर बसली होती. तिला सगळे कुरणवाली म्हणत, कारण नवरा सहा वर्षं अंथरुणावर होता आणि डोंगरावरचं कुरण ती एकटी राखत होती. हाडापेरानं मजबूत, बोलायला तोडून टाकणारी.

गाई तुझ्याच का, असं बाईंनी विचारलं. माझ्याच, सत्तावन्न, ती म्हणाली. मग वासरं कुठं गेली? विकली. कधी? झाला की महिना.

"महिनाभर वासरू कासेला लागलं नाही तर गाय आटते. या कालपर्यंत पाजत होत्या."

कुरणवाली उठून आत गेली. आतून नवऱ्याचा खोकला आणि कपाटाचं दार वाजल्याचा आवाज आला. परत आली ती एक कागद घेऊन. लसीकरणाचा दाखला होता तो. या गोठ्यात सत्तावन्न गाई असून प्रत्येकीला समक्ष पाहून लस टोचली आहे, असं त्यावर बिल्ल्यांच्या आकड्यांसकट लिहिलं होतं.

"मला काय विचारता?" कुरणवाली खालच्या आवाजात म्हणाली. "खाली सही कुणाची आहे ते बघा की."

सही डॉक्टरीणबाईंची होती.

३

साहेबांची बायको सरकारी वसाहतीत दोन खोल्यांच्या घरात राहत होती. शेजारणी येऊन गेल्या होत्या, खुर्च्या अजून गोल मांडलेल्या होत्या. ती रडून मोकळी झालेली दिसली, निदान थकलेली तरी. बाईंना तिनं पाणी दिलं आणि समोर बसून विचारण्याआधीच सांगायला लागली.

रविवार त्यांचा सुटीचा. पण जेवण झाल्यावर जीपची किल्ली घेऊन निघाले. तिनं हटकलं तर म्हणाले, जरा ऐकून येतो. तिला ते विचित्र वाटलं. माणूस बघून येतो म्हणतो, भेटून येतो म्हणतो. ऐकून येतो म्हणजे काय? रात्री आले नाहीत तेव्हा तिनं ठाण्यात कळवलं. साहेब दौऱ्यावर असतील म्हणून तिला परत पाठवलं गेलं.

आठवडाभर ते काही बोलले होते का, बाईंनी विचारलं. फारसं नाही. कामाचं घरी बोलायची सवयच नव्हती. फक्त एकदा जेवताना म्हणाले होते की पहिल्या गोठ्यावर गाई फार रडत होत्या.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ते बिल्ले वाचायला आत शिरले असं फौजदार सांगतात. चष्म्याशिवाय त्यांना मनगटावरचं घड्याळ दिसत नव्हतं. चष्मा जीपमध्ये सापडला. मग ते आत काय वाचणार होते?"

हाच प्रश्न मलाही पडलाय, बाई म्हणाल्या.

"मग शोधा. मला त्यांचं काय झालं ते खरं खरं कळलं पाहिजे. अपघात म्हणून मी हे पचवणार नाही."

बाईंनी शब्द दिला. शब्द द्यायला काही पडत नाही, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. परत जाताना मात्र गाडीत बसल्याबसल्या त्यांच्या डोळ्यांसमोरून एकच गोष्ट हलत नव्हती. तो दाखला. पाच वर्षं झाली, त्यांनी त्या खोऱ्यातल्या एकाही गोठ्यात जाऊन लस टोचली नव्हती. लसी त्यांच्या दवाखान्यातून नेल्या जात आणि कागद सहीला घरी येत. गुडघा दुखतो, तीन खोरी एकटीनं कशी फिरायची, आणि कागद घेऊन येणारा माणूस तर घरचाच.

हा विचार त्यांनी तिथंच थांबवला. थांबवता आला, कारण संशय घ्यायला खोऱ्यात एक सोयीचा माणूस होता.

४

त्याला धनी म्हणत. खोऱ्याचा तळ सगळा त्याचा. आठ मोठे ट्रक, पाणी साठवायची तळी, हजाराच्या आसपास गाई. वरचे चार छोटे गोठे त्याला दातांत अडकलेल्या कणासारखे खुपत आणि तो ते विकत मागून थकला होता. बिल्ले बदलून एकच कळप ठिकठिकाणी मोजून घ्यायचा, तर ट्रक हवेत. ट्रक धन्याकडे. छोट्यांना हाताशी धरून अनुदान लाटायचं आणि मोजणारा आड आला तर त्याला आडवा करायचा. बाईंना ही गोष्ट फार पटली.

धन्यानं त्यांना स्वतः गोठे दाखवले. घाई नाही, लपवाछपवी नाही. खाली रबराच्या चटया, पाण्यानं धुतलेल्या. भुसा कुठं वापरता का, असं बाईंनी सहज विचारलं. भुशात किडे होतात, तो म्हणाला. वासरं आयांच्या पोटाशी उभी होती आणि सगळीकडे गुरांच्या तोंडाचा मंद, समाधानी आवाज भरला होता. गाईंच्या कानांत एकेकच भोक होतं.

रविवारी तो राजधानीत होता. एका बैठकीत, मंत्र्यांशेजारी. फोटो छापून आला होता. ट्रकांची चाकं महिनाभर हलली नव्हती.

"तुम्ही माझ्यावर संशय घेऊन आलात, त्याचं वाईट वाटत नाही," धनी फाटकाशी निरोप देताना म्हणाला. "पण बाई, मी चोरी कशाला करू? कायदाच माझ्या मापानं शिवलाय. मी हजार गाई पाळतो, मला हजारांचं मिळतं. वरच्यांकडे पंधरा पंधरा उरल्या. पंधरांच्या अनुदानात चारासुद्धा येत नाही. चोरी त्यांना परवडत नाही आणि केल्याशिवाय भागतही नाही."

बाई निरोप घेऊन गाडीकडे वळल्या. मागं गोठ्यात हजार जनावरं होती आणि तरी तिथं शांतता होती. कारण वासरं आयांपाशी होती.

आणि त्यांना एकदम उमगलं, साहेब काय ऐकायला गेले होते ते. पहिल्या गोठ्यावर गाई रडत होत्या. वासरू गमावलेली गाय रडते तेव्हा कुठंतरी आई गमावलेलं वासरूही रडत असतं. गाई ट्रकमधून हिंडवता येतात, बिल्ले बदलता येतात. वासरं मोजली जात नाहीत, म्हणून ती घरीच मागं ठेवली जातात. ज्या घरी वासरं रडतात, ते कळपाचं खरं घर. साहेब रविवारी दुपारी जीप थांबवत थांबवत प्रत्येक गोठ्याबाहेर कान देऊन उभे राहिले असतील.

५

धन्याकडून त्या थेट घरी जाऊ शकल्या असत्या. तशा गेल्या नाहीत, पुन्हा कुरणवालीच्या वाडग्याशी आल्या. कुरणवाली दारात उभी राहून बघत होती, अडवलं नाही.

या वेळी त्यांनी कान सोडून अंगं तपासली. बिल्ला बदलता येतो, कातडी बदलता येत नाही. अठरावी की एकोणिसावी गाय, तांबूस, पोटाला पांढरा पट्टा. डाव्या कुशीवर केस वेगळे उगवले होते. बाईंनी बोटांनी ते बाजूला केले. खाली वीतभर जुना व्रण होता, पोट फाडून वासरू काढल्याचा. टाके दुहेरी, दर चौथा टाका उलटा घेतलेला.

माणसाचं जसं अक्षर असतं तसा डॉक्टराचा टाका असतो. दर चौथा टाका उलटा घ्यायची खोड बाईंनी एका म्हाताऱ्या गुरूकडून घेतलेली होती, आणि आसपासच्या कुठल्याही खोऱ्यात ती दुसऱ्या कुणाला नव्हती. बाईंना ती सकाळ आठवली. तीन वर्षांपूर्वीची. वासरू आडवं आलं होतं. कंदील धरायला भावजय उभी होती आणि शेपटी धरून भाऊ रडत होता, कारण ही त्याची सगळ्यात लाडकी गाय होती.

ही त्यांच्या धाकट्या भावाची गाय होती.

भाऊ दर महिन्याच्या एका रविवारी त्यांच्याकडे यायचा. लोण्याचा डबा, ताजी भाजी आणि चारही गोठ्यांचे दाखले. ताई, तू कुठं एवढी तंगडतोड करतेस, टोचायचं काम मी करतो, तू फक्त सही कर, असं म्हणायचा. त्यांना त्याचं कौतुक वाटायचं. आई गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं होतं. भाऊ खोऱ्याच्या टोकाला राहत होता आणि त्याच्या कुंपणाला लागून लाकूड कापायची गिरणी होती. गिरणीवाला भुसा फुकट देई. भाऊ तो वासरांखाली अंथरी.

भावाच्या गोठ्यापासून अर्ध्या मैलावर बाईंनी गाडी बंद केली आणि काच खाली केली.

वासरं रडत होती.

६

भाऊ वासरांच्या गोठ्यात बाटलीनं दूध पाजत बसला होता. ताईला बघून उठला नाही. सत्तावन्न वासरं, एक संपलं की दुसरं तोंड पुढं करत होती. फाटकाचा अडसर नवा होता, लाकूड अजून पांढरं.

"जुना अडसर कुठंय?" बाईंनी विचारलं.

"जाळला."

मग त्यानं सगळं सांगितलं. लपवण्याची ताकद त्याच्यात मुळातच नव्हती, दोन दिवस त्यानं ती उसनी आणली होती. दुष्काळात चारही गोठ्यांतली निम्मीअधिक जनावरं विकावी लागली होती. विकली म्हटलं तर अनुदान बंद आणि न विकावी तर चारा नाही. तेव्हा चौघांनी उरलेली एकत्र केली आणि त्याच्याकडे ठेवली. मोजणी जिथं असेल तिथं कुरणवालीच्या ट्रकमधून न्यायची. पैसे चौघांत वाटले जायचे. कुणी माडी बांधली नाही. कुरणवालीनं नवऱ्याची औषधं आणली, त्यानं पोरीची शाळा चालवली.

रविवारी दुपारी साहेब आले. चिडले नाहीत. फाटकातून आत येऊन भुशावर उभे राहिले, वासरं मोजली, आणि यांच्या आया कुठं आहेत असं विचारलं. भावानं पाय धरले. साहेबांनी उठवलं त्याला. म्हणाले, मला लिहावं लागेल.

"मी म्हणालो, लिहा, मला टाका आत. तर म्हणाले, तुमचं नाव नंतर येईल. पहिलं नाव तुमच्या बहिणीचं. पाच वर्षं समक्ष पाहिलं म्हणून सही त्यांची आहे. ते मनापासून हळहळत होते, ताई. आणि मग ते वळले."

अडसर हातात होता. एकदाच मारला. जीपमध्ये त्यांना चादरीखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कुरणवालीच्या वाडग्यात नेलं. साडेसहाला ओरडायचं एवढंच तिला सांगितलं होतं.

बाई भुशावरच बसल्या. एक वासरू येऊन त्यांची बोटं चोखायला लागलं.

"माझ्यासाठी केलंस असं म्हणू नकोस," त्या म्हणाल्या.

"मग कुणासाठी म्हणू?"

त्यांनी वासराच्या तोंडातून बोटं सोडवून घेतली. दारात भावजय येऊन उभी राहिली होती. तिला सगळं माहीत होतं हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. वन्सं, तुम्ही काय करणार आहात, एवढंच तिनं विचारलं.

७

फौजदारांनी बुधवारी सकाळी बाईंना ठाण्यात बोलावलं. दार लोटून घेतलं. शहरातून तोंडी अहवाल आला होता, मृत्यूची वेळ रविवार दुपारची आणि घाव एकच. पण लेखी अजून यायचा होता. लेखी अहवाल, फौजदार म्हणाले, विचारावं तसा येतो.

बाईंनी काही न सांगताच ते बरंच काही जाणून होते. वासरांचा आवाज त्यांनाही ऐकू आला असणार. त्यांनी फक्त हिशोब मांडला. वळूनं मारलं असं लिहिलं तर साहेब कामावर असताना गेले. बायकोला त्यांच्या निवृत्तीच्या वयापर्यंत पूर्ण पगार, घर कायम. चार गोठे वाचतात. बाईंची पेन्शन वाचते. एक वळू जातो.

"आणि दुसरं लिहिलं तर?"

"सुटीच्या दिवशी, हुकूम नसताना, वेळापत्रकात नसलेल्या गोठ्यावर. म्हणजे स्वतःच्या मर्जीनं गेलेले. बायकोला काही नाही. तीन महिन्यांत घर खाली." फौजदारांनी कोरा कागद पुढं सरकवला. "तुम्ही हुशार आहात. फार हुशार माणसाला शोधून काढलेलं सोडून द्यायला जड जातं, हे मला माहीत आहे."

बाईंनी कागद जवळ ओढला. पाच वर्षं त्यांनी कागद न वाचता सह्या केल्या होत्या आणि आता एक कागद त्यांना स्वतःच्या हातानं लिहायचा होता. दोन वेळा त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना साहेबांची बायको आठवली, अपघात म्हणून मी हे पचवणार नाही म्हणणारी. तिला शब्द दिला होता. शब्द पाळण्याचं समाधान त्यातून आपल्यालाच मिळणार आहे, हेही त्यांना त्या वेळी दिसलं. तरी त्यांनी लिहिलं. आधी स्वतःचं नाव, पाच वर्षं, चार गोठे, न पाहता केलेल्या सह्या. मग ताठलेलं अंग, चष्मा, गाई, टाके, भुसा. सगळ्यात शेवटी भावाचं नाव.

लिहून झालं तेव्हा फौजदारांनी कागद वाचला आणि सुस्कारा सोडला.

८

भावाला बारा वर्षांची शिक्षा झाली. कुरणवालीला दोन. तिच्या नवऱ्याला धर्मादाय दवाखान्यात हलवलं, तो तिथं सहा आठवडे जगला. चारही गोठ्यांकडून तीन वर्षांचं अनुदान व्याजासह वसूल करायचा हुकूम निघाला. वसुलीसाठी कुरणं लिलावात निघाली. लिलावाला एकच माणूस बोली लावायला आला. सत्तावन्न वासरंही त्यानंच घेतली, सरकारी भावात.

बाईंची नोकरी गेली, पेन्शन अडकली, खटला चालू राहिला. त्याबद्दल त्यांनी कुणाशी तक्रार केली नाही.

साहेबांची बायको एकदाच आली, घर सोडायच्या आदल्या दिवशी. बाईंनी बसा म्हटलं, ती बसली नाही. तिला कळायला हवं होतं ते कळलं होतं, त्याबद्दल तिनं आभारही मानले, आणि बाईंना त्या आभारांचीच भीती वाटली.

"मला खरं हवं होतं," ती म्हणाली. "पण खऱ्यावर घरभाडं भागत नाही हे तुम्हाला माहीत होतं. मला नव्हतं. मला ते आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

बाईंनी मान हलवली. फौजदारांच्या खोलीतून उठून तिच्याकडे जायला अर्धा तास लागला असता. त्यांना ते सुचलंच नव्हतं असं नाही. ती नको म्हणेल, ही भीती होती.

पुढच्या वर्षी धन्याच्या गोठ्यांवर मोजणी होती. आता कळप मोठा झाला होता आणि वरची कुरणंही त्याचीच, तेव्हा अनुदानही त्या प्रमाणात वाढणार होतं. नवे मोजणीसाहेब आले. बाई सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभ्या राहून अरुंद फाटकातून एकेक करत सुटणारी जनावरं मोजत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. एक तरी गाय कमी निघावी, एक कान तरी दोन भोकांचा दिसावा, एवढ्यासाठी त्या तीन तास गुडघ्यावर भार देऊन उभ्या होत्या. एका वासराचंही रडणं ऐकू येत नव्हतं. अकराशे बेचाळीस. नव्या साहेबांनीही अकराशे बेचाळीसच पुकारले.

भावजय धन्याकडे कामाला लागली होती. शेण भरलेलं घमेलं घेऊन ती रस्त्याच्या बाजूला आली आणि बाईंना बघून थांबली. वर्षभर ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

"जुळलं का, वन्सं?"

"जुळलं."

"एकही कमी नाही?"

"नाही. सगळं चोख आहे."

भावजयीनं घमेलं डोक्यावर चढवलं आणि ती कामाला निघून गेली.